घरात रेंज नाही, हॉटस्पॉट चालत नाही – नाशिककरांनो, आपापल्या घरातले आकडे लिहा

मखमलाबाद_रोड

नमस्कार मंडळी,

पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही मखमलाबाद रोडला नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. खाली पार्किंग, वर पहिल्या मजल्यावर आम्ही. उजेड आहे, पाणी आहे, शेजार चांगला आहे, पण घरात पाऊल ठेवलं की फोन मुका होतो.

मी दोन सीए फर्मसाठी घरून जीएसटीचं काम करते. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी, या दोन रिटर्नच्या शेवटच्या तारखा. ज्यांना हे माहीत आहे त्यांना माझी अवस्था कळेल. गेल्या महिन्यात १९ तारखेला रात्री साडेदहा वाजता एका क्लायंटचं रिटर्न भरताना ओटीपी येईना. फोन घेऊन जिन्यात गेले तर तीन ओटीपी एकदम आले, तिन्हींची मुदत संपलेली. शेवटी मुलीला छत्री देऊन गच्चीवर उभं केलं. ती जिन्याच्या तोंडाशी येऊन आकडे ओरडायची, मी खाली टाईप करायचे. त्या रात्री फार वाईट वाटलं.

फायबर घेणारच आहे, पण गल्लीतला रस्ता खोदून ठेवलाय आणि तो बुजल्याशिवाय वायर ओढता येणार नाही, असं केबलवाल्याने स्वच्छ सांगितलंय. तोवर मोबाईलचा हॉटस्पॉट हाच आधार.

तीन कंपन्यांची सिमकार्डं आणून आठवडाभर वापरली. नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण माझ्या घरात जी कंपनी वाईट ती तुमच्याकडे चांगली असेल आणि उगाच वाद होतील. अ: हॉलमध्ये दोन काड्या, नेट बऱ्यापैकी, आतल्या बेडरूममध्ये शून्य. ब: सगळीकडे तीन काड्या, पण संध्याकाळी सातनंतर साधं पान उघडत नाही. क: कॉल उत्तम, नेट रडतं.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, नाशिकमध्ये कोणत्या भागात घराच्या आत कोण चालतं, याचे खरे अनुभव. दोन, आहे त्या रेंजवर हॉटस्पॉट चांगला कसा चालवायचा.

सिडकोकर

ताई, कंपनीचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंय. डोळे झाकून पोर्ट करा. आमच्या सिडकोत त्यांचं ५जी इतकं जोरात आहे की घरचं ब्रॉडबँड मी बंद करून टाकलं.

पाथर्डी_फाटा

सिडकोकर, मलाही सांगा नाव.

पाथर्डी_फाटा

मिळाला व्यनि. ताई, घाई करू नका. हीच कंपनी माझ्याकडे आहे आणि आमच्यात नि सिडकोत अंतर अगदी थोडं! तरी माझ्याकडे बाल्कनीच्या बाजूच्या दोन्ही खोल्यांत कॉल तुटतात. समोर पांडवलेणीचा डोंगर आहे, त्या बाजूला एकही टॉवर दिसत नाही. मागच्या स्वयंपाकघरात मात्र फोन पळतो. मुलाचा अभ्यासाचा टेबल आम्ही स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला आणून ठेवलाय, कारण तिथेच त्याचा क्लास अडकत नाही. तेव्हा 'नाशिकमध्ये कोण चांगलं' याला माझ्या घरातच दोन उत्तरं आहेत.

जुना_तारवाला

दूरसंचार खात्यात ३४ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. हा विषय जिव्हाळ्याचा, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली विनंती: काड्या मोजणं सोडा. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या, हे प्रत्येक फोन बनवणारा आपल्या मनाने ठरवतो. एका फोनच्या तीन काड्या म्हणजे दुसऱ्याची एक असू शकते. खरा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात असतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन', त्यात 'सिम स्टेटस', तिथे 'सिग्नल स्ट्रेंग्थ' लिहिलेली असते. बऱ्याच फोनमध्ये *#*#४६३६#*#* डायल केलं तरी दिसते. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करून कॉलचं बटण दाबा.

आकडा उण्यात येतो. शून्याकडे जितका जवळ तितका चांगला. ४जी साठी माझा ठोकताळा असा: -८५ किंवा त्याहून बरा असेल तर उत्तम. -९५ ते -१०५ काम भागतं. -११० च्या खाली हॉटस्पॉट धापा टाकतो. -१२० म्हणजे फोन नुसता टॉवरला चिकटून राहण्याची धडपड करतोय. आणि यातला दहाचा फरक म्हणजे थोडाथोडका नव्हे. दर ३ डीबीला शक्ती निम्मी होते, १० डीबीला एक दशांश. -१०० वरून -११० वर गेलात तर दहातला एकच भाग हातात उरला.

मोजताना सगळी सिमं एकाच फोनमध्ये घालून मोजा. फोन हातात धरू नका, हातही सिग्नल अडवतो. टेबलावर ठेवा, अर्धा मिनिट थांबा, मग आकडा लिहा. प्रत्येक खोलीत, प्रत्येक खिडकीशी. एक वही घ्या. ताई, तुम्हाला हिशेबाची सवय आहे, तुम्ही हे माझ्यापेक्षा नीट कराल.

मखमलाबाद_रोड

काका, मनापासून आभार. आज रात्रीच बसते.

देवळाली_कॅम्प

काका, एक शंका. क कंपनीचा कॉल चांगला आणि नेट वाईट, असं का होतं? आमच्याकडेही हेच आहे.

जुना_तारवाला

याला बहुतेक वेळा दोन कारणं. आधी लहरींचं सांगतो.

टॉवर एकच असला तरी त्यावरून वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीच्या लहरी निघतात. ९०० मेगाहर्ट्झची लाट साधारण ३३ सेंटीमीटर लांब असते, २३०० ची १३ सेंटीमीटर, ५जी च्या ३३०० ची जेमतेम ९. लांब लाट लांबवर जाते आणि भिंतीतून त्यातल्या त्यात वाट काढते. आखूड लाट भिंतीशी अडते, पण तिच्याकडे रस्ता रुंद असतो, म्हणजे एका वेळी जास्त डेटा जातो. देशभरचा विचार केला तर जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० वर चालतं. एअरटेलचं ९००, १८००, २१०० आणि २३०० वर. व्हीआयचं ९००, १८००, २१०० आणि २५०० वर. बीएसएनएलचं नवं स्वदेशी ४जी ७०० आणि २१०० वर आहे. परवाना क्षेत्रानुसार यात कमीजास्त होतं. आपण 'महाराष्ट्र व गोवा' क्षेत्रात येतो, मुंबईचं क्षेत्र वेगळं.

आता घराच्या आत फोनला ८५० किंवा ९०० ची लाट धरून ठेवता आली तर कॉल छान होतो, कारण आवाजाला डेटा लागतोच किती! पण त्या अरुंद रस्त्यावर सगळी गल्ली चाललेली असते, म्हणून नेट रडतं. तुमच्या भागातला प्रत्येक घरात बसलेला माणूस त्याच एका लाटेवर आलेला असतो.

दुसरं कारण गर्दी, ते ताईंच्या ब कंपनीला लागू आहे. तीन काड्या आहेत आणि सातनंतर पान उघडत नाही, म्हणजे टॉवर जवळ आहे, पण लोक घरी आले की तो पुरत नाही. तिथे अँटेना लावा नाहीतर गच्चीवर जा, फरक पडणार नाही. रेंज वाढवता येते, गर्दी कमी करता येत नाही.

पंचवटीकर

गर्दीचं काकांनी लिहिलेलं शब्दशः खरं आहे. आम्ही रामकुंडापासून पायी पाच मिनिटांवर राहतो. एरवी नेट ठीक. पण पर्वणी असो, रथ असो, रंगपंचमीला रहाडी (रंगाचे जुने हौद) उघडलेल्या असोत, काड्या भरलेल्या दिसतात आणि मेसेजवर घड्याळाचं चिन्ह फिरत राहतं. २०१५ च्या सिंहस्थात नातेवाईक घाटावर चुकले तर शोधायचं कसं, हा घरातला रोजचा प्रश्न होता. २०२७ च्या सिंहस्थाला किती लोक येतील आणि किती जण एकाच वेळी व्हिडीओ कॉल लावतील, याची मला आत्तापासून काळजी वाटते. त्या दिवसांत साधा एसएमएस आणि ठरलेली भेटायची जागा, हे आम्ही घरात ठरवून ठेवलंय.

आमचं घर जुना वाडा आहे. दोन हात जाड भिंती, दगड-माती-विटांच्या, वर पत्रे. आत -११८ लागतो. पण वाड्याला मधला चौक आहे, वर मोकळं आकाश. चौकाकडच्या भिंतीत पणती ठेवायची देवळी आहे, तिथे -९६ लागतो. आता देवळीत जुना फोन चार्जरला लावून ठेवलाय, त्यात सिम, त्याचा हॉटस्पॉट कायम चालू. ओसरीवर आणि माजघरात नेट मिळतं. पूर्वी मी तोच फोन लॅपटॉपच्या शेजारी ठेवायचो, कारण वाटायचं की हॉटस्पॉट जवळ हवा. उलटं होतं ते.

जुना_तारवाला

पंचवटीकर, लाख मोलाचं लिहिलंत. बहुतेक लोक इथेच चुकतात.

हॉटस्पॉटमध्ये दोन टप्पे असतात. टॉवर ते फोन हा एक, फोन ते लॅपटॉप हा दुसरा. पहिला टप्पा अर्ध्या-एक किलोमीटरचा आणि अशक्त. दुसरा दहा-पंधरा फुटांचा आणि धडधाकट. म्हणून फोन पहिल्या टप्प्याला सोयीचा असेल तिथे ठेवायचा, आपल्याला सोयीचा असेल तिथे नाही. खिडकीशी -१०० आणि टेबलावर -११२ असेल तर फोन खिडकीतच राहिला पाहिजे, मग लॅपटॉप चार पावलं लांब असला तरी चालेल.

सिडकोकर

पण खिडकीत फोन तापतो. मे महिन्यात माझा फोन 'तापमान जास्त आहे' म्हणून बंदच पडला होता.

पंचवटीकर

ऊन थेट पडू देऊ नका. आणि कव्हर काढून ठेवा, हॉटस्पॉट चालू असताना चार्जिंगही असतं, त्यामुळे उष्णता अडकते. माझी देवळी उत्तराभिमुख आहे म्हणून निभावतं.

मखमलाबाद_रोड

मंडळी, काल रात्री आणि आज सकाळी मिळून पूर्ण घर मोजलं. एकच फोन, तिन्ही सिमं, वहीत तक्ता. मुलगी फोन ठेवायची, मी लिहायचे.

अ: हॉल -१०३, स्वयंपाकघर -१०८, आतली बेडरूम -११९, बेडरूमची खिडकी -११२. ब: सगळीकडे -९० च्या आसपास. क: हॉल -९८, बाकी -१०५ च्या आतबाहेर.

आता मुख्य सांगते. बेडरूमची खिडकी बाहेर मोकळ्या प्लॉटकडे आहे, समोर काही नाही, लांबवर टॉवर दिसतो. तिथे अ चा सिग्नल -११२ का, हे मला कळेना. सकाळी झाडू मारताना स्लायडिंगची डासांची जाळी बाजूला सरकवली आणि सवयीने फोनकडे पाहिलं, तर -१०२. पुन्हा जाळी लावली, -१११. पुन्हा सरकवली, -१०२. सहा वेळा केलं. मुलीला बोलावून तिच्यासमोर केलं. काका, ही जाळी स्टीलची आहे, बिल्डरने दिलेली. असं होऊ शकतं का, की मी काही चुकीचं मोजतेय?

जुना_तारवाला

ताई, तुम्ही अगदी बरोबर मोजलंय. मला फार आनंद झाला.

जाळीचं भोक किती? एक-दीड मिलीमीटर. लाट किती? तेरा सेंटीमीटर. एवढ्या लाटेला ती जाळी म्हणजे पत्रा आहे. डोळ्यांना आरपार दिसतं, कारण उजेडाची लाट त्याहून कितीतरी बारीक. खिडकीच्या लोखंडी ग्रिलचा मात्र इतका त्रास होत नाही, तिच्या गजांमधलं अंतर मोठं असतं. तुम्हाला नऊ-दहा डीबीचा फरक मिळतोय, म्हणजे नुसती जाळी सरकवून जवळपास दहापट सिग्नल. सिग्नल तुमच्या खिडकीपर्यंत येऊन परत जात होता.

नव्या इमारतींत अजून एक गोष्ट असते. उष्णता अडवणाऱ्या काचेवर धातूचा पातळ थर असतो, तोही असाच अडवतो. गंगापूर रोडच्या मोठ्या काचांच्या इमारतींत राहणाऱ्यांनी खिडकी उघडून आणि बंद करून मोजून पाहावं.

गंगापूर_रोड

मोजलं. बंद असताना -१०९, उघडली की -९१. दोन वर्षं मी कंपनीच्या कस्टमर केअरशी भांडतोय.

काका, आता खिडकी तर कायम उघडी ठेवता येणार नाही. एका दुकानदाराने बूस्टर दाखवला. छतावर अँटेना, घरात एक डबा, सगळ्या कंपन्यांची रेंज वाढते म्हणाला. घेऊ का?

जुना_तारवाला

नका घेऊ. कळकळीने सांगतो.

विनापरवाना बूस्टर लावणं बेकायदा आहे. रेडिओ उपकरणाला परवाना हवा ही गोष्ट १९३३ च्या वायरलेस कायद्यापासूनची, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही ते सैल झालेलं नाही. खात्याची पथकं यंत्र घेऊन फिरतात आणि असे डबे उतरवून जप्त करतात. नोकरीत असताना मी अशा शोधांत गेलो आहे. पण कायदा बाजूला ठेवा, शेजाऱ्यांचा विचार करा. स्वस्त बूस्टर सिग्नलबरोबर कचराही वाढवून टॉवरकडे फेकतो. छतावरची अँटेना आणि आतला डबा जवळ असले तर माईक-स्पीकरची शिट्टी वाजते तशी त्यांची शिट्टी सुरू होते, फक्त ती ऐकू येत नाही. तेवढ्याने त्या टॉवरवरच्या शेकडो लोकांचे कॉल तुटतात. त्यात कोणी रुग्णवाहिका बोलावत असेल. एकदा एका वसाहतीत आठ दिवस सगळ्यांचे कॉल तुटत होते, मूळ निघालं एका गाळ्याच्या छतावरच्या अशा डब्यात. लावणारा माणूस सज्जन होता, त्याला कल्पनाच नव्हती.

कायदेशीर आणि चांगला मार्ग आहे: सिम घालायचा ४जी किंवा ५जी राउटर, ज्याला बाहेरची अँटेना जोडता येते. तो तुमच्या फोनसारखाच एक ग्राहक असतो, सिग्नल पुन्हा हवेत फेकत नाही.

द्राक्षबाग

त्यावर माझा अनुभव लिहितो. आमचं घर मळ्यात, दिंडोरीच्या अलीकडे. टॉवर तीन किलोमीटरवर, घरावर पत्रे, आत -१२१. बागेतल्या ठिबकचं ऑटोमेशन, हवामानाचं यंत्र, व्यापाऱ्यांशी बोलणं, सगळं मोबाईलवर. काढणीच्या दिवसांत भाव फोनवर ठरतो आणि नेमका तेव्हा कॉल तुटला तर नुकसान माझं.

पहिल्यांदा मी राउटर घरात ठेवला, अँटेना पाण्याच्या टाकीच्या सांगाड्यावर बांधली आणि मधे वीस मीटर बारीक काळी केबल टाकली. फरक शून्य. मित्राने सांगितलं, तू अँटेनाने कमावलेलं केबलमध्ये घालवतोयस. ती बारीक केबल या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे साधारण एक डीबी खाते. म्हणजे वीस मीटरला वीस डीबी गेले! जाड केबल तेवढ्याच लांबीत चार-पाच खाते, पण महाग आणि वळत नाही.

मग पद्धत बदलली. बाहेर लावायचाच राउटर येतो, पाऊस-उन्हात टिकणारा, ज्याच्यात अँटेना आतच असते. तो सांगाड्यावर बांधला आणि तिथून घरात साधी लॅन केबल आणली. त्याच केबलमधून वर वीज जाते आणि खाली नेट येतं. लॅन केबल शंभर मीटरपर्यंत चालते, त्यात सिग्नल मरत नाही. आता वर -९४ आहे, घरात वायफाय. पत्र्यांचा प्रश्नच संपला.

दिशा लावताना एक माणूस वर, एक खाली आकडा वाचायला. पंधरा-पंधरा अंश फिरवायचं, मिनिटभर थांबायचं. आम्हाला सगळ्यात चांगला आकडा जवळच्या टॉवरकडे तोंड करून मिळालाच नाही, मधे आंब्याची जुनी झाडं आहेत. जरा लांबच्या टॉवरकडे वळवलं तेव्हा मिळाला. आणि विजा चमकतात त्या दिवसांत वरचा वीजपुरवठा काढून ठेवा, मी अर्थिंगही करून घेतलंय.

गंगापूर_रोड

हे आवडलं. माझ्या बाल्कनीत काचेच्या बाहेर लागेल असा राउटर शोधतो.

इंदिरानगर_सोसायटी

विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर टॉवर होता. मुलांच्या तब्येतीच्या भीतीने सभासदांनी ठराव करून काढायला लावला. आता निम्म्या फ्लॅटमध्ये रेंज नाही आणि तेच सभासद माझ्याकडे तक्रार घेऊन येतात. मी सचिव आहे. दोन्ही बाजूंचं मला पटतं. काय सांगू त्यांना?

जुना_तारवाला

सचिव महोदय, भीतीची थट्टा करू नका, माहिती द्या. आपल्या देशात टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठेवलेली आहे. दूरसंचार विभागाचं 'तरंग संचार' नावाचं पोर्टल आहे, त्यावर आपल्या परिसरातले टॉवर दिसतात आणि शुल्क भरून आपल्या घरात मोजणीही मागवता येते. शंका असलेल्या सभासदांसमोर ती मोजणी करून घ्या. समोर आकडा आला की बोलणं सोपं होतं.

दुसरं त्यांना हे सांगा. टॉवर लांब गेला की फोनला जास्त ओरडावं लागतं. ४जी फोन जास्तीत जास्त २०० मिलीवॉटवर बोलतो. टॉवर जवळ असेल तर त्याच्या कितीतरी कमीत त्याचं भागतं. आणि फोन गच्चीवर नसतो, कानाशी असतो. बॅटरी दुपारीच का संपते याचंही कारण तेच.

एक सावधगिरी: 'तुमच्या गच्चीवर टॉवर बसवतो, लाखो रुपये भाडं देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा' असे फोन आणि पत्रं येतात. ती फसवणूक असते. ट्राय (दूरसंचार नियामक) किंवा दूरसंचार विभाग टॉवरसाठी असं ना-हरकत पत्र देत नाही आणि टॉवर कंपन्या आगाऊ पैसे मागत नाहीत.

आई_नाशिकरोड

काका, तुम्ही समजावून सांगितलंत, तरी माझ्या मनातली धाकधूक पूर्ण गेली नाही. पण मोजणी मागवता येते हे माहीत नव्हतं. ते मी करणार आहे.

जुना_तारवाला

जरूर करा ताई. तो तुमचा हक्क आहे.

सिडकोकर

हॉटस्पॉटच्या दुसऱ्या टप्प्याबद्दल मी भर घालतो, माझं दुकान याच कामाचं आहे.

फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असा पर्याय असतो. लॅपटॉप त्याच खोलीत असेल तर ५ घ्या, वेगवान आणि मोकळा. मधे भिंत असेल तर २.४. पण फ्लॅटमध्ये २.४ वर सगळ्या शेजाऱ्यांची गर्दी असते, मायक्रोवेव्ह चालू झाला की तोही तिथेच लुडबुडतो, ब्लूटूथ हेडफोनही. पाथर्डी फाट्याचा मुलगा फ्रिजशेजारी बसतो, मायक्रोवेव्हशेजारी बसत नसेल अशी आशा! आयफोनवर 'मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी' चालू केलं की तो २.४ वर उतरतो, जुना लॅपटॉप जोडत नसेल तर हे करून पाहा.

हॉटस्पॉट आपोआप बंद होण्याची वेळ असते, ती काढून टाका. शक्य असेल तर फोन केबलने लॅपटॉपला जोडून यूएसबी टेदरिंग वापरा, वायफायचा टप्पाच गळून पडतो.

आणि घरात ५जी अर्धवट येत असेल तर फोन सतत ५जी-४जी उड्या मारतो, प्रत्येक उडीला कॉल अडकतो. अशा वेळी नेटवर्क फक्त ४जी वर ठेवून बघा. वेग कमी दिसेल पण मीटिंग तुटणार नाही. माझ्या पहिल्या प्रतिसादात मी ताईंना डोळे झाकून पोर्ट करा म्हटलं, ते मागे घेतो. आमच्या घरासमोर टॉवर आहे, म्हणून मला तसं वाटत होतं.

देवळाली_कॅम्प

पोर्टबद्दल: आधी नव्या कंपनीचं साधं प्रीपेड घेऊन महिनाभर घरात चालवून पाहा, मग जुना नंबर न्या. कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळांवर रेंजचे नकाशे ठेवलेत, पण त्यावरून गल्लीचा अंदाज येतो, बेडरूमचा नाही. पोर्टसाठी १९०० वर एसएमएस, त्यावर येणारा कोड आपल्याकडे चार दिवस चालतो. पण एकदा गेलात की ९० दिवस तिथेच राहावं लागतं. मी घाईने गेलो आणि तीन महिने पस्तावलो.

मखमलाबाद_रोड

काल २० तारीख होती, म्हणून आज लिहिते.

अ कंपनीचं सिम जुन्या फोनमध्ये घालून बेडरूमच्या खिडकीत ठेवलं, जाळी सरकवलेली, नेटवर्क फक्त ४जी, हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर. लॅपटॉप त्याच खोलीत पलंगाशेजारी. दिवसभरात सतरा रिटर्न भरली. एकदाही जिन्यात जावं लागलं नाही. माझा बँकेचा नि ओटीपीचा नंबर क कंपनीचा आहे, त्या फोनवर वायफाय कॉलिंग (कॉल नि मेसेज वायफायवरून) चालू केलं, आता बेडरूममध्येही ओटीपी येतात आणि आईचा फोन लागतो. सकाळी तिला फोन केला तर म्हणाली, आज आवाज अगदी शेजारून आल्यासारखा येतोय.

एक अडचण राहिली. जाळी उघडी म्हणून संध्याकाळी डास. मुलीच्या हातावर गांध्या उठल्यात. धातूची नसलेली जाळी मिळते का? जाळीवाल्याला नेमकं काय सांगायचं?

पाथर्डी_फाटा

'फायबर जाळी' म्हणून मागा, राखाडी किंवा काळी मिळते. स्लायडिंगवाल्याला फ्रेम तीच ठेवायला सांगा, फक्त जाळी बदलायची, कडेचं रबर नवं घालायचं. तासाभराचं काम आहे.

सिडकोकर

आणि तो 'फायबरच आहे' म्हणाला तरी स्वतः तपासा. चुंबकावर विसंबू नका, ॲल्युमिनियमला चुंबक लागत नाही. कोपरा घडी घालून दाबा. धातूची असेल तर घडी तशीच राहते, फायबरची परत सरळ होते. बसवण्याआधी फोन तिच्यामागे धरून आकडाही वाचून घ्या.

मखमलाबाद_रोड

रविवारी त्याला बोलावलंय. घडी घालून बघते आणि आकडा इथे लिहिते.